हॅलोजन काढून झेनॉन किट टाकू का? रात्री रस्ताच दिसत नाही

वाळपई_नाइटशिफ्ट
नमस्कार मंडळी. गाडी हॅचबॅक आहे, दहा वर्षं जुनी, ९० हजार किमी झालेत, हेडलाइटला कंपनीचाच एच-४ हॅलोजन, ६०/५५ वॉट. कामाला कुंडईला आहे, सेकंड शिफ्ट सुटते रात्री साडेअकराला, मग फोंडा उसगाव करून वाळपईला घरी. फोंड्यापर्यंत काही वाटत नाही, रस्त्याला दिवे आहेत, पण पुढे जो काळोख लागतो तो थेट घराच्या अंगणापर्यंत. दोन्ही बाजूंना झाडी आणि रस्त्यात मधोमध गुरं बसलेली. परवा उसगावच्या पुढे एक काळी गाय दिसली ती बोनेटपासून दहा हातांवर असताना दिसली. ब्रेक लागला म्हणून दोघंही वाचलो. वर समोरून ती पांढऱ्या-निळ्या लाइटची कोणी गाडी आली की पुढचे दोन-तीन सेकंद मी अंदाजाने चालवतो, खोटं कशाला सांगू.

म्हापशात एका ॲक्सेसरीच्या दुकानात विचारलं तर म्हणाला झेनॉनचं किट साडेतीन हजारात अर्ध्या तासात बसवून देतो, ६००० केल्विन (हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा मोठा तितका निळा) घ्या नाहीतर ८०००, उजेड तिप्पट. मित्राच्या मामाची मोठी गाडी आहे, तिला कंपनीचे झेनॉन आहेत, तिच्यातून एकदा रात्री चोर्ला घाटातून बेळगावला गेलो होतो, रस्ता असा धुतल्यासारखा दिसत होता, तेव्हापासून ते डोक्यात बसलंय. मग बसवू का हे किट? ६००० घेऊ की ८०००? पावसाळा तोंडावर आलाय म्हणून घाई आहे.

पेडण्याचा_रायडर
डोळे झाकून टाक भावा. मी दोन वर्षं वापरतोय ८००० वालं, एकदम निळसर किलर लूक, समोरचा स्वतःच बाजू देतो 😎 हॅलोजन म्हणजे देवळातली समई.

म्हापसा_वायरमन
पेडणेकर, समोरचा बाजू देतो कारण त्याला काही दिसेनासं होतं हो. असो.

वाळपईवाले, तुम्हाला जरा सविस्तर सांगतो, लांबेल. मी बावीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतोय, एक काळ असा होता की ही किटं मीच दिवसाला दोन-दोन बसवायचो, आता गिऱ्हाइकाने हातात पैसे ठेवले तरी नाही म्हणतो.

हॅलोजन म्हणजे शेवटी तापून पांढरी झालेली टंगस्टनची तार. जुन्या साध्या बल्बात तारेचं टंगस्टन उडून काचेला आतून काळं धरायचं. हॅलोजनमध्ये आयोडीन किंवा ब्रोमीनचा थोडा अंश असतो, तो उडालेलं टंगस्टन पकडून पुन्हा तारेकडे आणून सोडतो, त्यामुळे तार जास्त तापवता येते आणि काच स्वच्छ राहते. तुमच्या एच-४ ला डिपवर (खालच्या, जवळच्या उजेडावर) साधारण १००० लुमेन (उजेडाचं माप), अप्परवर (लांबच्या उजेडावर) १६५० च्या आसपास. झेनॉनमध्ये तारच नसते. शेंगदाण्याएवढी काचेची कुपी, आत झेनॉन वायू आणि धातूंचे क्षार, आणि दोन टोकांच्या मध्ये वेल्डिंगसारखी ठिणगी, फक्त ती सतत जळत राहते. ती पेटवायला बॅलास्ट, म्हणजे सोबत येणारा विजेचा डबा, २० ते २५ हजार व्होल्टचा झटका देतो, पेटली की मग ८५ व्होल्टवर चालते. ३५ वॉटात ३२०० लुमेन. म्हणजे वीज कमी, उजेड तिप्पट, आणि हॅलोजन काहीशे तासांत जातो तिथे हा दोन-अडीच हजार तास चालतो. दुकानवाला उजेडाबद्दल खोटं बोलला नाही.

खोटं आहे ते "बसवून देतो" यात. एच-४ चा बल्ब हातात धरून बघा (काचेला बोट लावू नका, बोटाचं तेल राहिलं की तिथेच काच तापून बल्ब जातो). आत दोन तारा दिसतील आणि डिपच्या तारेखाली पत्र्याची एवढीशी वाटी. ती वाटी खाली जाणारा उजेड अडवते, म्हणून डिपचा उजेड रिफ्लेक्टरच्या, म्हणजे दिव्यातल्या मागच्या आरशाच्या, फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून उलटून खाली रस्त्यावर जातो. समोरच्याच्या डोळ्यांत न जाण्याचं सगळं गणित त्या नखाएवढ्या वाटीवर चाललंय. रिफ्लेक्टरही त्या तारेची जागा धरून मिलिमीटरने घडवलेला असतो. तिथे तुम्ही झेनॉनची कुपी घुसवली की ठिणगीची जागा वेगळी, आकार वेगळा, कमानीसारखी वाकलेली. मग तिप्पट उजेड मिळतो खरा, पण तो माडाच्या शेंड्यावर, पुढच्या गाडीच्या आरशात आणि तुमच्या स्वतःच्या बोनेटपुढच्या पाच मीटरवर. जवळचा रस्ता इतका लख्ख होतो की डोळ्याची बाहुली बारीक होते आणि लांबचं आधीपेक्षा कमी दिसतं. चालवणारा खूश, वा काय लाइट आहे! गाय मात्र परत दहा हातांवरच.

मामांची गाडी वेगळी. तिला प्रोजेक्टर असणार, म्हणजे पुढे भिंग, आत पडदा, त्या पडद्यामुळे उजेडाची वरची कडा सुरीने कापल्यासारखी. १९९१ ला बीएमडब्ल्यूने ७ सिरीजला पहिल्यांदा झेनॉन दिलं तेव्हापासून कंपन्यांनी नुसता बल्ब कधी बदलला नाही, आख्खा दिवा त्याच्यासाठी वेगळा केला. रिफ्लेक्टरमध्ये झेनॉन द्यायचं झालं तर त्याचा बल्बच वेगळा, डी-२-आर, त्याच्या काचेवर काळे पट्टे ओढलेले असतात, प्रोजेक्टरच्या डी-२-एस ला ते नसतात. युरोपात २००० लुमेनच्या वरचा डिप असेल तर मागे वजन पडलं की दिवा आपोआप खाली करणारं लेव्हलिंग आणि काच धुणारा फवारा सक्तीचा केला. हे किट म्हणजे सगळी वरात मागे सोडून नुसता नवरदेव पळवून आणण्यासारखं आहे.

आणि ८००० तर नकोच नको. कंपनीचं झेनॉन ४३०० केल्विनच्या आसपास असतं, जवळजवळ पांढरं. लांबून जे निळं दिसतं ती भिंगाच्या कडेला उजेड फुटून पडलेली रेघ असते, लोक ती रेघ बघून निळे बल्ब घेतात. जितकं निळं तितके लुमेन कमी.

स्कूटरवाली_फोंडा
वायरमन दादा, तुमचे हात कुठे आहेत, पाया पडते त्या हातांच्या. मी रोज रात्री ड्युटीवरून स्कूटरने येते. पावसात हेल्मेटच्या काचेवर थेंब असतात आणि समोरून तो किलर लूक आला की एकेका थेंबात एकेक सूर्य. काही दिसत नाही म्हणजे काहीच नाही, डावीकडे गटार आहे की साइडपट्टी ते पायाने चाचपायचं फक्त बाकी राहतं. मागच्या जुलैत अशीच एकदा गटारात गेले, नशीब हळू होते, गुडघा फुटला आणि ट्रॉलीबॅगभर चिखल घरी नेला. तो गाडीवाला थांबला पण नाही, त्याला कळलंच नसणार, त्याच्या लाइटमध्ये त्याला मी दिसलेच नसेन.

पेडण्याचा रायडर, तुम्ही नसाल ते, पण समजा असाल तर.

पेडण्याचा_रायडर
ताई मी फोंड्याला येतच नाही रात्री 🙏 पण बल्बचा विचार करतो, सिरियसली.

वाळपई_नाइटशिफ्ट
वायरमन दादा देव बरें करूं, एवढं कोणी समजावलं नव्हतं. दुकानवाल्याला मी उद्या फोन करून नाही सांगतो. पण मग मी करू काय? प्रोजेक्टरच बसवला तर? ऑनलाइन जुन्या गाड्यांतले काढलेले प्रोजेक्टर मिळतात, कोल्हापूरला एकजण हेडलाइट उघडून आत बसवून देतो असं ऐकलंय. नाहीतर १००/९० वॉटचे हॅलोजन टाकू? आणि एलईडी बल्ब मिळतात हल्ली तेही आहेतच.

टॅक्सीवाला_काका
पात्रांव, एवढा विचार कसला करतोस. मी तीस वर्षं टॅक्सी चालवतो, चोर्ला, अनमोड, करमल, सगळे घाट रात्रीचे केलेत. पावसात आणि धुक्यात पांढरा लाइट म्हणजे समोर चुना लावलेली भिंत. पिवळा लाव. पिवळा धुक्यात घुसतो, पांढरा घुसत नाही. फ्रान्समध्ये तर सगळ्या गाड्यांना कायद्याने पिवळेच लाइट होते, आमच्या एका गिऱ्हाइकाने सांगितलेलं, तो फ्रेंच होता.

साखळीचा_मास्तर
काका, फ्रान्सचं बरोबर आहे, १९९३ पर्यंत होते. पण "पिवळा घुसतो" हे जे सगळीकडे सांगतात ते तसं नाही. आकाश निळं दिसतं ते हवेच्या कणांमुळे, ते प्रकाशाच्या लहरीपेक्षा खूपच लहान असतात म्हणून निळा जास्त विखुरतो. धुक्याचा थेंब लहरीच्या कितीतरी पट मोठा, त्याला पिवळं काय आणि निळं काय, सगळंच सारखं उधळतो. नाहीतर धुकं पांढरं दिसलं नसतं. फरक पडतो तो डोळ्याला, निळसर उजेडाची तिरीप जास्त बोचते, पिवळ्याची कमी, वय झालेल्या डोळ्यांना तर जास्तच. आणि फॉग लॅम्पचा खरा गुण त्याच्या जागेत आहे, तो खाली असतो आणि त्याचा उजेड रुंद पण वर न जाणारा. धुक्यात अप्पर लावलं की तुम्ही धुकंच उजळता. डिप आणि खालचे फॉग, एवढं केलं तर बल्ब पांढरा असो नाहीतर हळदीचा.

टॅक्सीवाला_काका
मास्तर, थेंब केवढा ते तुम्ही मोजा, मी घाट चढतो. माझे पिवळेच राहणार.

साखळीचा_मास्तर
राहू देत की काका, बोचत नाहीत ना, मग झालं.

म्हापसा_वायरमन
धुक्याचं काका आणि मास्तर बघून घेतील. वाळपईवाल्यांचं एकेक करून सांगतो.

१००/९० टाकायचा असेल तर आधी होल्डर वितळलेला बघायला या, माझ्याकडे डबाभर आहेत. ५५ वॉटला साडेचार अँपिअर जातात, ९० ला साडेसात, कंपनीची वायर तेवढ्याच जाडीची, उष्णता जाणार कुठे? रिफ्लेक्टरची चकाकी आतून जळते ती परत येत नाही. एलईडी बल्बचं रडगाणं झेनॉन किटसारखंच, वाटीच्या आणि तारेच्या जागी चिप, जागा बरोबर बसली तर नशीब. नवीन गाड्यांना कंपनीचे एलईडी असतात ते आख्खे दिवेच वेगळे, त्यांच्याशी तुलना नको.

प्रोजेक्टर हा मार्ग खरा आहे, पण एक फसगत सांगतो. आपण डावीकडून चालवतो, म्हणून डिपच्या उजेडाची कडा डावीकडे थोडी वर चढलेली असते, म्हणजे साइडपट्टी, चालणारा माणूस, आणि हो, बसलेली गाय दिसते, उजवीकडे ती सपाट असते म्हणून समोरच्याला त्रास नाही. युरोप-अमेरिकेतल्या गाडीतून काढलेला प्रोजेक्टर तिथल्या उजवीकडच्या ट्रॅफिकचा असतो. तो इथे लावला की चढलेली कडा बरोबर समोरच्याच्या डोळ्यांत, आणि पैसे देऊन. जपान आपल्यासारखं डावीकडून चालवतो, तिकडचा असेल तर चालेल. पण दिवा उघडून परत चिकटवणं आलं, आपल्याकडच्या पावसात सील जरा कुठे सुटलं की आत पाणी, खाऱ्या हवेत बॅलास्टचे कनेक्टर हिरवे पडतात, मग एक दिवा पेटतो एक लुकलुकतो. माझ्या हातून चांगली झालेली कामंही दोन पावसाळ्यांनंतर परत आलीत.

त्याआधी एक करा. साधा मल्टिमीटर घ्या, गाडी चालू ठेवून बॅटरीवर व्होल्ट बघा, १४ च्या आसपास असतील. मग डिप लावून, बल्ब जळत असताना, होल्डरच्या मागे पिनवर बघा. दहा वर्षांच्या गाडीत तिथे १२ सुद्धा मिळत नाहीत बऱ्याचदा. कारण सगळा करंट बारीक वायरीतून स्टिअरिंगजवळच्या स्विचपर्यंत जाऊन परत येतो. आणि हॅलोजनचं असं आहे की व्होल्ट १० टक्के पडले तर उजेड १० टक्के नाही पडत, ३० टक्के पडतो. म्हणजे तुम्ही आज १००० लुमेनचा दिवा वापरतच नाही आहात, ७०० चा वापरताय, तोही पिवळ्या पडलेल्या प्लास्टिकच्या काचेमागून. आधी कंपनीने दिलेलं घ्या तरी पूर्ण.

पेडण्याचा_रायडर
एक विचारू, हे किट बेकायदेशीर आहे का? मला तर आजवर कोणी पकडलं नाही.

साखळीचा_मास्तर
मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, गाडीत मूळ नमुन्यापेक्षा वेगळा बदल परस्पर करायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं, त्यात मालकाला प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पकडलं नाही ही वेगळी गोष्ट. अपघात झाला तर तपासायला येणारा आधी दिवेच बघेल.

स्कूटरवाली_फोंडा
दोन दिवे म्हणजे दोन बदल का मास्तर? 😄

साखळीचा_मास्तर
ते वकिलाला विचारा, मी फिजिक्स शिकवतो.

वाळपई_नाइटशिफ्ट
तीन आठवड्यांनी लिहितोय, सॉरी, मध्ये घरात लग्न होतं. मल्टिमीटर कामावरून आणला. बॅटरीवर १४.१ आणि होल्डरवर डाव्या दिव्याला ११.९, उजव्याला ११.६!! मी दोनदा बघितलं, वाटलं मीटर बिघडलाय. मग इथे वाळपईतल्याच एका इलेक्ट्रिशियनकडून रिलेचं वायरिंग करून घेतलं, म्हणजे स्विच फक्त इशारा देतो आणि बल्बला करंट थेट बॅटरीतून जाड वायरीने जातो, दोन रिले, बॅटरीजवळ फ्यूज, जाड वायर, सिरॅमिकचे होल्डर, उजव्या दिव्याचा अर्थिंगचा नट गंजला होता तो घासून परत बसवला. आता दोन्हीकडे १३.५. बल्ब साधेच ६०/५५ नवीन घातले, चांगल्या कंपनीचे. काच मी स्वतः घासली रविवारी, ८०० चा पॉलिशपेपर, मग १०००, मग २०००, पाणी मारत मारत, मग पॉलिश. घासताना पिवळं पाणी निघतं ते बघून आई म्हणाली हळद भिजवलीस का. वर यूव्हीचा क्लिअर कोट मारला, तो नाही मारला तर चार महिन्यांत परत पिवळं होतं म्हणतात, आपल्याकडचं ऊन काय सांगायचं.

मग सेटिंग. शाळेच्या कंपाउंडची भिंत आहे सपाट, मागचं मैदानही सपाट. गाडी भिंतीला चिकटवून दिव्यांच्या मधोमध खडूने खुणा केल्या, १० मीटर मागे घेतली, भावाला ड्रायव्हर सीटवर बसवला, लेव्हलचं बटण शून्यावर, आणि डिपची कडा खुणेच्या १० सेंमी खाली आणली, यूट्यूबवर हाच आकडा होता. माझा उजवा दिवा एवढा खाली बघत होता की तो टायरलाच उजेड देत होता बहुतेक. इतकी वर्षं!

मामांच्या झेनॉनएवढं नाही दिसत, ते खरं, तो पांढरा पसरलेला उजेड वेगळाच. पण परवा रात्री उसगावच्या पुढे बहुतेक तीच काळी गाय, मला वाटतं चाळीसेक मीटरवरून दिसली, आरामात डिप-अप्पर करून थांबलो, ती उठली नाही ते सोडा. खर्च दोन हजारांच्या आत. काल पहिला पाऊस झाला, ओल्या रस्त्यावर मात्र परत थोडं कमीच वाटलं, ते कशामुळे?

साखळीचा_मास्तर
ओला डांबरी रस्ता आरशासारखा होतो. कोरड्या खडबडीत रस्त्यावरून उजेड सगळीकडे उडतो, त्यातला थोडा तुमच्याकडे परत येतो. पाणी साचलं की तो तसाच पुढे सरकतो, समोरच्याकडे. झेनॉनलाही तेच. म्हणून तर पावसात समोरच्याचे दिवे दुप्पट दिसतात, एक वर एक रस्त्यात.

टॅक्सीवाला_काका
पिवळा लाव म्हटलं होतं.

म्हापसा_वायरमन
काम चोख झालंय. एकच विचारतो, सिरॅमिक होल्डर घातल्यावर मागची रबरी टोपी नीट परत बसवली ना? नवीन वायर जाड असते म्हणून मुलं ती अर्धवट चढवून सोडतात. काल पाऊस झाला म्हणताय, सकाळी दिव्याच्या आत घाम आलाय का बघा.

वाळपई_नाइटशिफ्ट
आत्ता टॉर्च घेऊन बघून आलो. डावीकडे ठीक. उजवीकडची टोपी गाडीतच नाहीये 🤦